उसनं नाक

ताईचं नाक गेलं ते एका साध्या सर्दी-तापात. नाक गेलं म्हणजे चारचौघांत शोभा झाली असं नव्हे. ते पुढे झालं. आधी गेलं ते खरोखरीचं. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला, सहाव्या दिवशी ती कामावर गेली आणि कढईत ठेचलेला लसूण टाकून वाट बघत उभी राहिली. लसूण तडतडला, कडेनं तांबूस झाला, मग काळा पडला. तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. काचेपलीकडे दुसरंच कोणी स्वयंपाक करत असावं, तसं तिला वाटलं.

"ताई, करपतंय की!" शेजारून बारकी ओरडली, तेव्हा कुठे तिनं कढई उतरवली.

सर्दी अजून भिनलेली असेल म्हणून तिनं पंधरा दिवस वाफारे घेतले. मग घरी कोणाला न सांगता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नळी घालून पाहिलं, चार बाटल्या हुंगायला दिल्या. चारही बाटल्यांत तिच्या लेखी पाणीच होतं.

"नस दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "कदाचित येईल परत, कदाचित नाही येणार. जीभ शाबूत आहे तुमची. खारट, आंबट, गोड, तिखट कळेल. बाकीचं सगळं नाकाचं असतं, तेवढं सोडून द्या."

तेवढं सोडून द्यायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ताई एका थाई जेवणाच्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण होती. 'बाकीचं सगळं' म्हणजे तिची वीस वर्षं होती. ऐन पंचविशीत ती एका म्हाताऱ्या थाई बाईंच्या हाताखाली भाज्या निवडायला लागली. त्या बाई बोलायच्या फार कमी. पातेल्याजवळ बोलवायच्या, झाकण काढायच्या आणि आपल्या नाकावर बोट टेकवायच्या, एवढीच शिकवणी. गवती चहा कोवळा आहे की जून, फिश सॉसची बाटली उघडून किती दिवस झाले, वाळवलेल्या कोलंबीच्या पुडीला दमट हवा लागलीय का, हे सगळं ताई बाटली किंवा डबा उघडला की दुरूनच सांगू लागली. तिच्या नाकाचे किस्से झाले होते. मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या ताईला फोनवरून वास येतो!"

हे नाक गेल्याचं तिनं एकाच माणसाला सांगितलं. बारकीला.

बारकी तिची सख्खी धाकटी बहीण, नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे बारकीच्या वेण्या घालण्यापासून शाळेतल्या तक्रारी ऐकण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. पुढे पोरीचं शिक्षणात लक्ष लागेना, तेव्हा ताईनं तिला आपल्याच स्वयंपाकघरात आणून उभी केली. आता बारकी छत्तीस वर्षांची होती, तरी सगळं हॉटेल तिला बारकीच म्हणे. ताईच्या डाव्या हाताला उभं राहणं, हेच तिचं पद.

तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत, दार लावून, ताईनं तिला सांगितलं. सांगताना रडू आवरलं.

"कोणाला कळलं तर संपलं गं सगळं. डोळे गेलेल्या शिंप्याकडे कोण कपडे शिवायला टाकेल?"

"वेडी आहेस का तू?" बारकी म्हणाली. तिनं स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि ते उपटून ताईच्या तळहातावर ठेवल्यासारखं केलं. "हे घे माझं. उसनं. तुझं परत आलं की दे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "भावजींना सांगितलंस?"

"त्यांना तर मुळीच नाही."

ताईचा नवरा घड्याळजी होता. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, डोळ्याला भिंग लावून, मुंगीएवढी दातेरी चाकं चिमट्यानं उचलणारा माणूस. काळजी करण्यातही तसाच बारीक. त्याला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी तिला पळी खाली ठेवायला लावली असती, घरातला गॅस दर तासाला स्वतः तपासला असता आणि तिच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत कीव आली असती. बाकीचं एक वेळ चाललं असतं. कीव नको होती.

बहिणींनी एक खूण ठरवली. बारकीनं वास घ्यायचा आणि पळी कढईच्या काठावर आपटायची. एकदा टक् म्हणजे ठीक. दोनदा टक्-टक् म्हणजे थांब, काहीतरी बिघडलंय. आवाजानं भरलेल्या त्या खोलीत कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. आठ महिने हे सुरळीत चाललं. ताई मोजून-मापून करायची, जिभेनं खारट-आंबट जुळवायची, आणि उरलेलं बारकी सांगायची. एकही ताट परत आलं नाही. उलट एका गिऱ्हाइकानं आत येऊन हात जोडले. घरी नवऱ्यानं दोन-तीनदा, "अगं, दूध उतू जाऊन जळलं, तुला कळलं नाही?" असं विचारलं, तेव्हा ताईनं दिवसभर चुलीपुढे उभं राहून नाकाची कशी दैना होते, यावर त्याला हसवून विषय उडवून लावला.

मग मालकीणबाईंनी बातमी दिली. बंदराजवळ दुसरं हॉटेल निघणार होतं, याच्या दुप्पट मोठं. एक भागीदार मिळाला होता. नव्या जागेचं स्वयंपाकघर ताईकडे द्यायचं हे बाईंनी मनाशी ठरवलं होतं, फक्त भागीदार आणि त्यांच्या पत्नी एकदा येऊन तिच्या हातचं जेवणार होते.

"त्यांना जळकी वांगी करून घाल," बाई म्हणाल्या. "तेवढं पुरे."

मेनूकार्डावर त्या पदार्थाचं लांबलचक थाई नाव होतं, पण आत सगळे त्याला जळकी वांगीच म्हणत. विस्तवावर भाजलेली लांब हिरवी वांगी, वर डुकराच्या मांसाचा खिमा आणि कोलंबी, त्यावर लिंबू, मिरची, फिश सॉस. दिसायला साधं, पण ताईची खरी ओळख त्यातच होती.

"आणि बारकीचं काय करू या?" बाईंनी त्याच बैठकीत विचारलं. "हे जुनं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्यावं असं माझ्या मनात होतं."

"तिला माझ्याबरोबरच राहू द्या," ताई म्हणाली. आणखी दोन वाक्यं बोलली आणि नव्या चुली कुठे मांडायच्या यावर विषय नेला.

*

जेवणाचा दिवस उजाडला. पाहुणे दुपारी बाराला येणार होते. कोलंबी आणायचं, सोलायचं काम नेहमी बारकीचं. ती नवाच्या सुमाराला बर्फात घातलेला डबा घेऊन आली. ताई मागच्या अंगणात शेगडीपुढे बसली होती. वांगी फिरवत होती.

वांगी भाजण्यात ताईला कोणाची गरज नव्हती. ते काम डोळ्यांचं आणि बोटांचं. साल नुसतं काळं होऊन भागत नाही, ते कागदासारखं सुटायला लागतं. वांगं चिमट्यात उचललं की दोन्ही टोकं खाली झुकली पाहिजेत. झुकली की लगेच झाकून ठेवायची, आणि सोलताना पाण्याखाली धरायची नाहीत. हात भाजले तरी चालतील. पाण्यानं धूर धुऊन जातो, आणि मग उरतो नुसता लगदा. ताईनं आठ वांगी भाजली. लागणार होती चार. पण अशा दिवशी हाताशी जास्तीचं असावं.

आत येऊन तिनं खिमा थोड्याशा पाण्यात शिजवला, गोळे होऊ न देता मोकळा केला. तोवर बारकीनं छोटे कांदे कागदासारखे पातळ चिरले. ताईनं ताडगूळ लिंबाच्या रसात विरघळवला, फिश सॉस घातला, ठेचलेली मिरची घातली, जिभेवर थेंब ठेवला. खारट आलं, मग आंबट, मग गोड, मग तिखट. सगळे आपापल्या जागी होते. तिनं कोलंबीचा डबा पुढे ओढला आणि एक कोलंबी दोन बोटांत दाबून पाहिली.

"आज जरा मऊ लागतायत गं."

"बर्फाचं पाणी झालं ना वाटेत, त्यात बुडून होती."

"वास?"

बारकीनं डबा नाकाशी नेला. "समुद्राचा."

"नक्की ना? आज पाहुणे आहेत."

"ताई, नक्की."

ताईनं उकळत्या पाण्यात कोलंबी सोडली. ती गुलाबी झाली, वळली, तशी झाऱ्यानं उचलली. वाफ तिच्या तोंडावर आली. नुसती गरम वाफ. तिनं बारकीकडे पाहिलं. बारकीनं वाकून वाफेत नाक घातलं आणि पळी काठावर आपटली.

टक्. एकदा.

वांग्यांवर खिमा, खिम्यावर कोलंबी, वरून तो आंबट-तिखट रस, कांदा, पुदिना, अर्धवट उकडलेल्या अंड्याचे चार भाग. ताट बारकीनं उचललं. ताई हात पुसत मागोमाग बाहेर गेली. बाईंनी तिला पाहुण्यांसमोर बोलावलं होतं.

टेबलाशी तिघंच होती. मालकीणबाई, भागीदार आणि त्यांच्या पत्नी. बाईंनी ओळख करून दिली, भागीदार उठून उभे राहिले, "तुमच्याबद्दल फार ऐकलंय," म्हणाले. ताईनं मान लववली. बारकी ताट ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"थांबा," ती म्हणाली. "हे कोणी खाऊ नका."

ताईला आधी वाटलं, ताटाला तडा गेलाय.

"ताई, अगं ही कोलंबी खराब आहे. तुला कळलं नाही?"

भागीदारांच्या पत्नीनं रुमाल नाकाला लावला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, ताटावर वाकल्या आणि मागे झाल्या. "अमोनियासारखा भपकारा येतोय! ताई?"

ताई बारकीकडे बघत राहिली. आता ती काहीतरी बोलेल, सावरून घेईल, आठ महिने घेत आली तसं. आणि बारकी बोललीही.

"चूक माझी आहे, बाई. मी आधीच सांगायला हवं होतं. ताईला आठ महिने वासच येत नाही. तिनं शपथ घातली म्हणून मी गप्प होते."

ताईला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. पुसून कोरडे झालेले हात ती फडक्याला पुसत राहिली.

"दहा मिनिटं द्या," बारकी म्हणाली. "मी दुसरं करून आणते."

आणि तिनं आणलं. आत चार वांगी भाजून झाकलेली होती, खिमा होता, रस होता. बर्फाच्या पेटीच्या तळाशी कोलंबीचा दुसरा डबाही होता, सोलून ठेवलेला. बारकीचे हात भराभर चालले. ताई भिंतीला टेकून पाहत होती, आणि इतकी गोंधळलेली असूनही तिला कौतुकच वाटलं, की पोरगी चांगली शिकलीय. बाहेर ताट गेलं. थोड्या वेळानं भागीदारांचं हसू ऐकू आलं, मग चमच्यांचे आवाज.

*

त्या दुपारी मालकीणबाईंनी ताईला घरी पाठवलं. रागावल्या नाहीत. "आराम कर काही दिवस," म्हणाल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

घरी नवऱ्यानं भिंग डोळ्यावरून काढलं. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर बराच वेळ तो टेबलावरची चाकं डबीत भरत राहिला.

"आठ महिने," शेवटी तो म्हणाला.

"तुम्हाला काळजी वाटली असती."

"वाटलीच असती. ती माझ्या वाट्याची होती." त्यानं डबीचं झाकण लावलं. "बारकीला माहीत. मला नाही. मी रोज तुझ्यासमोर जेवायला बसतो गं."

तरी ताईनं बारकीची बाजू घेतली. बारकीचीच नजर चुकली असेल, नाक तिचंही माणसाचंच. आत गडबडीत कळलं नसेल, बाहेर शांतपणे लक्षात आलं असेल. लोकांना खराब खाऊ घालण्यापेक्षा तिनं सांगून टाकलं ते बरंच केलं. दोन दिवस ताई स्वतःला हेच समजावत राहिली, आणि जवळजवळ पटलंही.

तिसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. मासेवालीनं तिला पाहून टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

"या ताई! काय म्हणतात मांजरं?"

"कुठली मांजरं?"

"तुमच्या बारकीनं परवा दोन वाटे नेले ना. एक ताजा नेला, आणि एक आदल्या दिवशीचा मागून घेतला. मी म्हटलं, अगं तो फेकायला काढलाय, वास मारतोय. तर म्हणाली असू दे, मांजरांना घालीन. मी फुकटच दिला तिला."

बारकीकडे मांजर नव्हतं. लहानपणापासून बारकीला मांजराच्या केसांनी शिंका येत.

ताई तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. मासेवालीनं, "ताई, बरं वाटतंय ना?" असं विचारलं, तेव्हा तिला कळलं की आपण टोपलीची कड घट्ट धरून उभ्या आहोत. रागाचा पत्ता नव्हता. ती मनातल्या मनात डबे मोजत होती. तळाशी ठेवलेला दुसरा डबा. सोलून ठेवलेला. म्हणजे घरीच, सकाळीच, दोन्ही वाटे वेगवेगळे सोलताना बारकीला सगळं ठाऊक होतं. आणि मग तिनं डबा नाकाशी नेला होता. 'समुद्राचा,' म्हणाली होती.

*

हॉटेल अजून उघडलं नव्हतं. बारकी एकटीच कांदे सोलत बसली होती, ताईच्या जागेवर, ताईच्या स्टुलावर. ताईला पाहून ती उठली नाही.

"दोन वाटे घेतलेस तू," ताई म्हणाली.

बारकीची सुरी क्षणभर अडखळली, मग पुन्हा चालू लागली. "मासेवाली म्हणाली?"

"हो."

"कोणाला खाऊ घालणार नव्हते मी. ताट टेकायच्या आधी थांबवलं ना?"

"मी तुला विचारलं होतं, बारके. एकदा सोडून दोनदा विचारलं. वरून वाफेत नाक घातलंस तू माझ्यासमोर."

बारकीनं पुढचा कांदा उचलला.

"का?" ताईनं विचारलं. आवाज चढवायचा नाही असं तिनं वाटेत ठरवलं होतं, पण तो आपोआपच बसला होता. "नवी जागा हवी होती? मागायचीस माझ्याकडे."

"तुझ्याकडे?" बारकीनं सुरी खाली ठेवली. "बाईंनी मला सांगितलंय तू काय म्हणालीस ते. 'कच्ची आहे ती अजून. एकटीवर सोडलंत तर महिन्याभरात गिऱ्हाईक तुटेल.' म्हणालीस की नाही?"

तीच ती दोन वाक्यं. ताईनं मान खाली घातली. म्हणाली होती ती. बारकी जुन्या हॉटेलात राहिली असती तर नव्या जागी डाव्या हाताला उभं कोण राहिलं असतं? त्या क्षणी तोंडाला आलं ते बोलून गेली. वाक्यं खोटी आहेत हे तिला तेव्हाही माहीत होतं.

"मला तुझी गरज होती," ती म्हणाली. "तुला माहीत आहे कशासाठी."

"माहीत आहे! मग तेच सांगायचंस. 'बाई, मला ती हवीय माझ्याबरोबर,' एवढंच म्हणायचंस, मी जन्मभर मागून आले असते तुझ्या. आठ महिने तुझं नाक झाले मी, ताई. घरी गेल्यावर डोकं ठणकायचं माझं, इतकं हुंगायचे, तुझं एकही ताट चुकू नये म्हणून. आणि तू बाईंना सांगितलंस, मी कच्ची आहे." बारकीचे डोळे भरले होते, ते कांद्यानं की कशानं, ते सांगणं कठीण होतं. "मी ठरवलं, कळू दे एकदा सगळ्यांना, कच्चं कोण आहे."

"माझ्याशी भांडायचंस. मारायचंस मला. सगळ्यांपुढे ओरडून सांगायचंस की ताई खोटारडी आहे. मी ऐकून घेतलं असतं." ताईला आता बोलताना दम लागत होता. "मला दिसत नाही असं समज, आणि मी तुझा हात धरून रस्ता ओलांडतेय. तू म्हणालीस, 'चल, काही येत नाहीये.' गाडी दिसत असताना म्हणालीस."

बारकीनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "माफी मागू का?"

"नको."

ताई तिथून मालकीणबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी तिला बसायला सांगितलं. नव्या जागेचं त्या आणि भागीदार बारकीशीच बोलले होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ताईनं मात्र जाऊ नये. बसून शिकवावं, देखरेख करावी. मासेवालीची सगळी हकीगत ताईच्या जिभेवर आली होती. एक वाक्य बोललं की बारकीचं स्वयंपाकघर गेलं असतं. पण ते वाक्य बोलायचं, तर ज्यांच्यामुळे हे झालं ती आधीची दोन वाक्यं खोटी होती, हेही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर बारकीला बुडवून तिचं नाक परत येणार नव्हतं. येताना खुंटीवरून उचललेल्या आपल्या एप्रनची तिनं घडी घातली, तो बाईंच्या टेबलावर ठेवला आणि, "वीस वर्षांत आजारपण सोडून रजाच घेतली नाही, बाई. आता घेते," एवढंच म्हणाली.

परत जाताना ती स्वयंपाकघरातून गेली नाही. पुढच्या दारानं, गिऱ्हाइकांसारखी बाहेर पडली.

*

महिनाभर तिनं घरी वरण-भातापलीकडे काही केलं नाही. बारकीचे दोन फोन आले. तिनं घेतले नाहीत. नवऱ्याशी बोलणं हळूहळू सुरू झालं. तो अजून दुखावलेला होता आणि ते लपवत नव्हता, हे एका परीनं बरं होतं. दूध तापवताना तो न सांगता जवळ येऊन उभा राहायचा. गॅस बंद झाला की परत आपल्या टेबलाशी.

एका रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन बाहेर गेला आणि लांब हिरवी वांगी, खिमा आणि कोलंबी घेऊन आला.

"लोक तुझ्या या पदार्थासाठी हात जोडायचे म्हणे," तो म्हणाला. "मी तो कधी गरम खाल्लेलाच नाही. दरवेळी डब्यातून गार येतो आमच्या नशिबी."

"मला नाही जमणार आता."

"मी आहे ना हुंगायला. साखर-मिठाच्या कणाएवढे स्क्रू ओळखतो मी, कोलंबी नाही ओळखणार?"

ताई हसली, महिन्यात पहिल्यांदा. तिनं त्याला गॅसवर वांगी कशी फिरवायची ते दाखवलं. तो घड्याळाचा काटा लावावा तितक्या नेमकेपणानं वांगी फिरवू लागला, दर अर्ध्या मिनिटाला पाव वळसा. तिनं कोलंबी सोलली, धुतली. घट्ट होती, तकतकीत होती. वाटी त्याच्या नाकाशी नेली.

त्यानं डोळे मिटून वास घेतला. "ताजी आहे. एकदम ताजी."

"नक्की?"

"नक्की गं."

वाटी हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहिली. पाणी उकळत होतं. कोलंबी आत सोडायची, एवढंच राहिलं होतं. नवरा तिच्याशी खोटं बोलणार नाही हे तिला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. तो कधीच बोलला नव्हता. खोटं बोलली होती ती स्वतःच, त्याच्याशी. तरी हात पुढे होईना.

"आलेच मी," ती म्हणाली आणि वाटी घेऊन दाराकडे निघाली.

"कुठे?"

"खाली. नर्सबाईंना जरा विचारून येते."

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची, सरळ बोलणारी, कोणाचं मन राखायला न जाणारी. नवऱ्यानं गॅस बारीक केला. त्याला सगळं कळलं होतं, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे हो."

"मग?"

ती जिने उतरली. नर्सबाईंनी दारातच वाटी हुंगली, "छान आहे की, काय झालं?" असं विचारलं, आणि ताई, "काही नाही, सहज," म्हणत वर आली. नवरा अजून वांगी फिरवत होता. त्यातलं एक दोन्ही टोकांनी झुकलं होतं आणि त्यानं ते बरोबर ओळखून झाकून ठेवलं होतं.

त्यांनी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून तिथेच जेवण मांडलं. ताईच्या जिभेला खारट लागलं, आंबट लागलं, मागून मिरची चढली. वांगं जिभेवर लोण्यासारखं विरघळलं. आगीचा, पुदिन्याचा पत्ता नव्हता. नवरा मान खाली घालून जेवत होता. अर्धं ताट संपल्यावर त्यानं वर पाहिलं.

"मला कळलं लोक हात का जोडायचे ते."

"खरंच?"

"खरंच."

तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. तो तिच्याकडेच बघत होता, हातात चमचा तसाच धरून.

"खरंच ना?" तिनं पुन्हा विचारलं.